तिसरा ढीग कुठल्या रकान्यात? लिंबाच्या नासाडीचा हिशेब

आमच्या कोपऱ्यावर एक मावशी लिंबं घेऊन बसते. सकाळी पोतं सोडलं की ती आधी विकायला लागत नाही, निवडायला लागते. तरटावर लिंबं पसरायची, एकेक उचलून देठापाशी अंगठ्यानं दाबायचं आणि तीन ढीग लावायचे. पिवळीधमक, कडक लिंबं पुढं मांडलेली. अंगावर तपकिरी, खरबरीत खपल्या असलेली बाजूला. त्यांचा भाव कमी. पिचलेली, मऊ पडलेली, एखादं हिरव्या भुकटीनं माखलेलं, अशी सगळी मागच्या बुट्टीत. हा तिसरा ढीग. आषाढात तो मोठा असतो, माघात लहान.

गेल्या पावसाळ्यात भाची घरी आली होती. अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजात शिकते. तिला एक असाइनमेंट होतं: एखाद्या देशात पुरवठ्यातल्या लिंबूवर्गीय फळांची नासाडी साठ वर्षांत कशी बदलली, त्याचा आलेख काढायचा. लॅपटॉप माझ्यासमोर धरून म्हणाली, "मामा, हे बघ की. रेघ नुसती वर वर चाललीय. ट्रक आले, रस्ते झाले, कोल्ड स्टोरेज आले, आणि नासाडी वाढलीच? मग सुधारलं काय?"

मी तीसेक वर्षं एका बँकेत खतावण्या लिहिल्या. शेतीतलं मला फार कळत नाही, पण आकडा दिसला की तो कुठल्या रकान्यातून आला हे आधी बघायची खोड आहे. तिचा आलेख खोटा नव्हता. पण तिला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्या रेघेत नव्हतं. का नव्हतं, ते जरा सविस्तर सांगतो.

संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, म्हणजे एफएओ, रोममधून जगातल्या बहुतेक देशांचा दरवर्षी अन्नाचा ताळेबंद मांडते. आपल्याकडच्या ताळेबंदासारखाच, फक्त रुपयांऐवजी टन. जमेच्या बाजूला देशातलं उत्पादन आणि आयात. त्यातून निर्यात वजा. साठ्यात जेवढी भर पडली किंवा जेवढं साठ्यातून निघालं तेवढा फरक. यातून जे उरतं तो देशाचा पुरवठा. मग खर्चाची बाजू: माणसांच्या तोंडी किती गेलं, जनावरांना किती, बियाण्याला किती, प्रक्रियेला किती, अखाद्य वापराला किती आणि नासाडी किती. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर बँकेत आम्ही फरक सस्पेन्स खात्यात टाकायचो आणि साहेबांच्या नजरेला नजर देत नसू. एफएओच्या तक्त्यातही असा एक 'उरलेलं' नावाचा रकाना आहे. तो बघून मला फार बरं वाटलं.

लिंबूवर्गीय फळांना या तक्त्यात चार ओळी मिळतात: संत्री आणि मँडरीन एकत्र, लिंबू, ग्रेपफ्रूट आणि इतर. बाटलीतला संत्र्याचा रस वेगळा दाखवत नाहीत; तेवढ्या रसाला किती फळं लागली असतील ते काढून तो पुन्हा फळांच्या वजनात बदलतात. आता खंडेनवमीला बेळगावातल्या यच्चयावत ट्रक, टेम्पो, बुलेटच्या चाकाखाली जी लिंबं चिरडली जातात, दर शनिवारी दुकानांच्या दाराला मिरच्यांसोबत जी टांगली जातात, ती नियमानं 'अखाद्य वापर' या रकान्यात जायला हवीत. अमावास्येला आमच्या मावशीकडं लिंबू महाग होतं ते काही सरबतामुळं नव्हे. पण ही लिंबं कोण मोजणार? मोजणारा नसला की ती आपसूक 'माणसांनी खाल्ली' यात जमा होतात.

कुंपण कुठून कुठपर्यंत

नासाडीच्या रकान्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, आणि ते माहीत नसेल तर आलेख वाचूच नये. उत्पादन म्हणून फळाची जिथं नोंद होते तिथून हिशेब सुरू होतो. फळ घराच्या उंबऱ्यात पोचलं की हिशेब संपतो. साठवणीत गेलं, वाहतुकीत गेलं, बाजारात गेलं ते नासाडीत. त्याच्या अलीकडचं नाही, पलीकडचंही नाही.

अलीकडचं म्हणजे काय? आमचे एक व्याही इंडीजवळ असतात. इंडी आणि सिंदगी हे विजापूर जिल्ह्यातले तालुके म्हणजे लिंबाचं आगर. इंडीच्या लिंबाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. व्याह्यांच्या मळ्यात पावसाळ्यात गेलात तर झाडाखाली पिवळी चादर दिसते. मी एकदा हळहळलो तर ते शांतपणे म्हणाले, "व्याही, हजार लिंबांच्या पोत्याला आत्ता जे येतंय त्यात तोडणाऱ्या बायकांची मजुरी आणि गाडीभाडंच भागत नाही. तोडायचं कशाला? पडू दे."

ती पिवळी चादर कुठल्या रकान्यात? कुठल्याच नाही. तोडलंच नाही म्हणजे उत्पादन नाही. उत्पादन नाही तर नासाडी कुठून? भाव कोसळल्याच्या वर्षी शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत सडलेला माल ताळेबंदात दिसत नाही. उलट बाजारात माल कमी गेल्यामुळं त्या वर्षी नासाडीचा आकडा थोडा खालीही येऊ शकतो. मला यातलं हेच सगळ्यात खटकतं.

पलीकडचं तर आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खणात, सुपारीसारखं टणक झालेलं लिंबू नसेल असं घर मला दाखवा. पोह्यांवर पिळून उरलेली अर्धी फोड बशीत वाळत असते ती वेगळीच. ताळेबंदाच्या लेखी ही सगळी 'माणसांच्या अन्नात' गेली. दरडोई वर्षाला अमुक किलो फळं असा जो आकडा आपण वाचतो तो पोटात गेलेल्याचा नसतो, घरात आलेल्याचा असतो. साल, बिया, चोथा सगळं त्यात धरलेलं. मोसंबी ज्यूसच्या गाड्यावर निम्म्याच्या आसपास वजन सालीत आणि चोथ्यात जातं. पण ती नासाडी नाही, फळाची घडणच तशी आहे.

या कुंपणामुळंच पेपरात येणारे मोठे आकडे एकमेकांशी भांडताना दिसतात. २०११ साली एफएओसाठी झालेल्या अभ्यासात जगातलं एक तृतीयांश अन्न वाया जातं असं म्हटलं होतं. ते शेतापासून ताटापर्यंतचं. २०१९ साली एफएओनंच सुमारे १४ टक्के सांगितलं. ते काढणीनंतरपासून किरकोळ दुकानाच्या अलीकडंपर्यंतचं. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२२ या वर्षासाठी १९ टक्के, म्हणजे १०५ कोटी टन, असा आकडा दिला. तो दुकानं, हॉटेलं आणि घरं यांचा. तिघांनी तीन वेगवेगळ्या दारांत उभं राहून मोजलंय. एका दाराचा आकडा दुसऱ्या दाराशी ताडून 'सुधारलं' किंवा 'बिघडलं' म्हणता येत नाही.

रेघ वर का जाते

आता भाचीच्या रेघेकडं येऊ. देशातल्या प्रत्येक बाजारात बुट्ट्या वजन करत कोणी बसत नाही. देशानं अधिकृत आकडा कळवला तर तो घेतात. नाही कळवला तर अंदाज बांधतात. पूर्वी तो बहुधा ठरावीक टक्केवारीनं बांधत, आता इतर माहितीवरून मॉडेल लावून बांधतात.

ठरावीक टक्केवारी लावली की काय होतं बघा. समजा एखाद्या वर्षी १००० पोती लिंबं झाली आणि आठ टक्के नासाडी धरली. नासाडी ८० पोती. वीस वर्षांनी बागा वाढल्या, २५०० पोती झाली, टक्केवारी तीच. नासाडी २०० पोती. रेघ अडीचपट वर गेली. कुणी निष्काळजी झालं नाही, कुणी सुधारलंही नाही. गुणाकार झाला, एवढंच. नासाडीची रेघ आणि उत्पादनाची रेघ एकमेकांवर ठेवून बघा. दोन्हींचा आकार जुळ्या भावांसारखा निघाला तर समजायचं की नासाडीच्या आकड्यात नवी माहिती फारशी नाही, ती उत्पादनाची सावली आहे. भाचीनं लगेच ठेवून बघितली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

तिच्या आलेखात मधेच एक पायरीही होती. एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जाताना रेघ एकदम उडी मारते. तिला वाटलं तिथं दुष्काळ किंवा रोग आला असेल. पण एफएओच्या दोन मालिका आहेत. जुनी १९६१ ते २०१३, नवी २०१० पासून पुढं, आणि दोन्हींची हिशेबाची रीत वेगळी. कोणी त्या एकाला एक जोडल्या की सांध्यावर खाच पडते. बँकेत कोअर बँकिंग आलं त्या वर्षी आमच्या कित्येक खात्यांचे आकडे असेच एका रात्रीत हलले होते. पैसा जिथल्या तिथंच होता.

म्हणून मी तिला सांगितलं, टन बघू नकोस, पुरवठ्याला भागून टक्का काढ. आणि टक्का आला की तो कुणी मोजला ते विचार.

भारतात प्रत्यक्ष मोजायचे प्रयत्न झालेत. लुधियानाच्या सिफेट या काढणीपश्चात तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेनं २००५ ते २००७ या काळात पाहणी केली तेव्हा लिंबूवर्गीय फळांची नासाडी ६.३८ टक्के निघाली. पुढच्या पाहणीचा अहवाल २०१५ साली आला, त्यात १२० जिल्हे आणि ४५ पिकं होती. लिंबूवर्गीयांचा आकडा ९.६९ टक्के. त्याच अहवालात पेरू १५.८८ टक्के, आंबा ९.१६. २०२२ साली नाबार्डच्या नॅबकॉन्स या सल्लागार कंपनीनं पुन्हा मोजलं तेव्हा वेगवेगळ्या फळांचा टक्का ६.०२ ते १५.०५ या पट्ट्यात आला, आणि वरच्या टोकाला पुन्हा पेरूच. या पाहण्यांमध्ये काढणीच्या वेळचं नुकसानही धरलंय, जे एफएओच्या कुंपणाबाहेर आहे. म्हणजे हे आकडेही ताळेबंदात जसेच्या तसे उचलून ठेवता येत नाहीत.

६.३८ चं ९.६९ झालं म्हणजे आठ-दहा वर्षांत दीडपट बिघाड झाला का? मी तरी तसं म्हणायला धजणार नाही. दोन वेगळ्या वेळच्या, वेगळ्या ठिकाणच्या पाहण्या आहेत. ज्या वर्षी पाऊस लांबला त्या वर्षी मोजलं तर आकडा फुगतो, कोरड्या वर्षी मोजलं तर आक्रसतो. शंभरातली सहा ते दहा फळं जातात एवढं मात्र दोन्ही पाहण्या मिळून सांगतात, आणि तेवढं पुरेसं गंभीर आहे. देशात वर्षाला सव्वा ते दीड कोटी टनांच्या आसपास लिंबूवर्गीय फळं होतात. त्यातले एक-दोन टक्के इकडंतिकडं झाले तरी लाखांत टन हलतात.

तिसऱ्या ढिगात लिंबू येतं कसं

आंबा, केळं, चिकू झाडावरून उतरवल्यावर पिकतात. लिंबू, संत्रं, मोसंबी यांचं तसं नाही. तोडलं त्या क्षणी जे होतं त्याहून ते गोड होणार नाही. साल पिवळी पडेल एवढंच. तिथून पुढं फक्त उतरण. पण ही उतरण संथ असते, कारण सालच भक्कम असते. जोवर सालीला ओरखडा नाही तोवर आत कुणी सहज शिरत नाही.

आमच्या मावशीच्या बुट्टीतली ती हिरवी भुकटी म्हणजे पेनिसिलियम डिजिटॅटम ही बुरशी. पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीची भावकी, पण हिचा धंदा वेगळा: लिंबूवर्गीय फळं सडवणं. हिला आत जायला जखम लागते. नखाची, काट्याची, पोत्यातल्या खड्याची, दुसऱ्या लिंबाच्या वाळक्या देठाची. आधी सालीवर पाणचट मऊ ठिपका येतो, मग पांढरी साय, मग हिरवी भुकटी. बोटानं टिचकी मारली तर धुरासारखी उडते, आणि तो धूर म्हणजे पुढच्या हजारो बीजाणूंची वरात. हिची निळी बहीण, पेनिसिलियम इटॅलिकम, तर शेजारच्या धडधाकट फळालाही चिकटून पसरते. पोत्याच्या मधोमध सडक्या लिंबांचा गठ्ठाच्या गठ्ठा निघतो तो बऱ्याचदा हिच्यामुळं.

म्हणून जाणते शेतकरी लिंबू ओढून तोडत नाहीत. ओढलं की देठाची टोपी निघते आणि वर एक उघडं छिद्र राहतं, बुरशीला आयतं दार. छोट्या कात्रीनं देठाचं बटण ठेवून कापायचं. दव असताना तोडायचं नाही, कारण ओल्या सालीतल्या तेलाच्या ग्रंथी दाबल्या की फुटतात आणि ते तेल सालच भाजून काढतं. दव वाळल्यावर तोडा, हा व्याह्यांच्या वडिलांचा शिरस्ता होता. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग प्रवास. इंडीहून बेळगाव सुमारे अडीचशे किलोमीटर. पोत्यांवर पोती, वर हमाल बसलेला, रस्त्याला खड्डे. तळातली लिंबं वरच्यांचं ओझं सोसत येतात. क्रेट वापरले तर हे पुष्कळ टळतं, पण क्रेट परत न्यायचा कुणी आणि त्याचं भाडं कुणी द्यायचं यावर गाडं अडतं. पोतं मोजायला सोपं, रचायला सोपं, परत न्यायची कटकट नाही. पोत्याच्या सोयीचे पैसे तिसऱ्या ढिगात वसूल होतात.

थंडीत ठेवायचं म्हटलं तरी लिंबू लहरी. ८ ते १० अंशांत, दमट हवेत ते सहा-आठ आठवडे टिकतं. त्याहून फार थंड केलं की सालीवर खड्डे पडून तपकिरी डाग येतात. द्राक्षं-सफरचंदांच्या खोलीत लिंबाची पोती सरकवून चालत नाही. आपल्या घरच्या फ्रिजमध्ये महिनाभर पडलेल्या लिंबाला डाग येतात ते काही वेळा याच गारठ्यामुळं.

आणि सगळं वर्षाच्या एकाच कोपऱ्यात घडतं. जानेवारी-फेब्रुवारीत लिंबाला फुलं लगडतात, ती फळं पावसाळ्यात उतरतात: माल ओला, बाजार भरलेला, सरबताला गिऱ्हाईक नाही. उन्हाळ्यात, जेव्हा प्रत्येक कोपऱ्यावर सोड्याची गाडी असते, तेव्हा झाडावर फळ थोडं. हस्त बहार धरून, म्हणजे पावसाळा सरताना झाडाला फुलं आणून, उन्हाळ्यात माल काढणाऱ्याला सोन्याचा भाव मिळतो. २०२२ च्या एप्रिलात एका लिंबाला दहा-दहा रुपये पडले होते, आठवत असेल. त्या महिन्यात तिसरा ढीग जवळजवळ नसतोच. अर्धं पिचलेलं लिंबूही विकलं जातं. वर्षाचा एकच टक्का काढला की हा एप्रिल आणि तो आषाढ एकमेकांत विरघळून जातात.

एक गंमत मला स्वतःला उशिरा कळली. मोसंबी किलोवर विकतात, लिंबू नगावर. मोसंबीचं पाणी उडालं की काट्यावर घट दिसते, व्यापारी ओरडतो, वहीत लिहितो. लिंबाचं पाणी उडालं तर? दहा लिंबं मी सुपात आठवडाभर ठेवून बघितली. साल कातड्यासारखी झाली, काट्यावर वजन उतरलं, रस तर निम्माच निघाला असेल. पण मोजायला गेलो तर दहाच. शेकड्यावर चालणाऱ्या बाजारात ही घट कुणाच्या वहीत चढत नाही, ती गिऱ्हाइकाच्या सरबतात जाणवते. टनांचा हिशेब करणाऱ्यांना नगाचं वजन करताना कुठल्या दिवशीचं लिंबू धरायचं हा प्रश्न पडतच असणार.

राहिला मधला ढीग, खपल्यांचा. तो खैऱ्या रोग, जिवाणूंमुळं येतो. कागदी लिंबाला तर फारच लवकर. पावसाच्या थेंबांनी आणि वाऱ्यानं पसरतो. आत रस चांगला असतो, माणसं खातात. त्यामुळं ताळेबंदात या ढिगाची नासाडी शून्य. शेतकऱ्याला मात्र त्याचे निम्मे पैसेही येत नाहीत. एफएओचा नासाडीचा रकाना टन मोजतो. रुपये गेले ते त्याच्या रेघेत उमटत नाहीत.

हे सगळं ऐकून भाचीनं असाइनमेंटचं शीर्षक बदललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीकडं वही घेऊन जाऊन बसली. मीही गेलो, चहा घेऊन. तिला तिसऱ्या ढिगातली लिंबं मोजायची होती. पोत्यातून त्या दिवशी तिसऱ्या ढिगात त्र्याण्णव पडली. भाचीनं वहीत लिहिलं: नासाडी, ९३.

"थांब की गं बाळ, एवढ्यात कशाला लिहितीस?" मावशी म्हणाली.

अकराच्या सुमाराला सोड्याच्या गाडीवाला पोरगा आला आणि बुट्टीतली नुसतीच पिचलेली निवडून घेऊन गेला. दुपारी खानावळीची बाई आली, लोणच्याला म्हणून डागी आणि मऊ अशी मिसळून घेऊन गेली. संध्याकाळी भांडी घासायला म्हणून दोघी-तिघींनी चार-चार फुकट नेली. ती कुठल्या रकान्यात टाकायची यावर भाचीचा नि माझा वाद झाला, 'अखाद्य वापर' हे माझं म्हणणं. दिवे लागले तेव्हा बुट्टीच्या तळाला हिरवी भुकटी झालेली अकरा लिंबं होती. मावशीनं ती उद्याच्या घंटागाडीसाठी पिशवीत बांधली, तरट झटकलं. भाचीनं ९३ वर काट मारली, शेजारी ११ लिहिलं, आणि खाली तारीख घातली.